सहा पॉइंटातले काका

"पण सर, चूक कुठे आहे ते तरी सांगा."

सौमित्रने बहिणीची, ईशाची, लग्नपत्रिका नाबर सरांपुढे धरली. सरांनी मिरजेत आयुष्यभर मुलांना अक्षरलेखन शिकवलं. सौमित्र त्यांचाच विद्यार्थी. पुढे तो पुण्याला जाऊन ग्राफिक डिझाइन शिकून आला, आणि तेव्हापासून कुठल्याही वस्तूकडे नुसता पाहत नव्हता.

सर पत्रिका न्याहाळत राहिले...

"अलाइनमेंट सरळ आहे," सौमित्र म्हणाला. "कॉन्ट्रास्ट आहे. फॉन्ट दोनच. चारही बाजूंना भरपूर व्हाइट स्पेस."

"ती कुठून आणलीस?"

"म्हणजे?"

"एवढी मोकळी जागा. लग्नपत्रिकेत नसते."

"नातेवाइकांची नावं काढली, सर. फार गर्दी होत होती."

"काकांचंही काढलंस?"

सौमित्रने मान डोलावली.

वडील गेल्यापासून दिगंबरकाकांनीच घर सांभाळलं होतं. कन्यादानही तेच करणार होते. पत्रिका त्यांना मिळाली ती मोबाइलवर. त्यांनी भावजयीला एवढंच कळवलं, की पाहुण्यांनी कन्यादान करायची पद्धत नाही.

लग्न रविवारी होतं. ईशा कालपासून जेवली नव्हती.

"तुम्ही काकांना फोन करा," सौमित्र म्हणाला. "तुमचा शब्द ते मानतात. हायरार्की म्हणजे काय, हे तुम्ही सांगितलंत तर पटेल त्यांना."

"आधी मला सांग."

"डोळा आधी कुठे जावा, मग कुठे, हे आपण ठरवायचं. इथे आधी ईशाचं नाव दिसतं. मग नवरदेवाचं, मग तारीख. कोणालाही दाखवा."

सरांनी आत हाक मारली. त्यांच्या पत्नी मालतीबाई चहा घेऊन आल्या. सरांनी काही न बोलता पत्रिका त्यांच्या हातात दिली.

बाईंनी चष्मा लावला. ईशाचं नाव अंगठ्याएवढं होतं. बाईंचं बोट त्यावरून थेट तळाशी गेलं, वर आलं, पुन्हा तळाशी गेलं.

"अरे, याचे काका कुठे आहेत यात?"

...

"त्यावर मार्ग काढलाय मी," सौमित्रने घाईघाईने बॅगेतून दुसरा नमुना काढला. "खाली एका ओळीत घेतलंय त्यांना. सहा पॉइंटचं बारीक अक्षर, फिकट करडा रंग. बॅलन्स अजिबात बिघडत नाही."

मालतीबाईंनी चष्मा पुसून पुन्हा लावला. काका सापडले नाहीत.

सरांनी तो नमुना घेतला, शेजारच्या स्टुलावर नीट सरळ ठेवला आणि त्यावर चहाची ओली बशी ठेवली.

सौमित्र बशीकडे बघत राहिला. बोलला तेव्हा त्याचा आवाज उतरलेला होता.

"काका आले नाहीत तर मी बोहल्यावर उभी राहणार नाही, म्हणतेय ती."

सर चहा पीत होते.

"नाव मोठं करू का, सर? सगळ्यात वर घेतो. ईशाच्याही वर. नवी पत्रिका छापून उद्या स्वतः नेऊन देतो त्यांना."

सरांनी कप खाली ठेवला...

"रिकाम्या हाताने जा. आणि ते आत बोलावेपर्यंत दारात उभा राहा. तोवर काही समजावू नकोस."