कोस्ताकेच्या तबेल्यातली शाळा

रोमानियाच्या जुन्या राज्यघटनेत लिहिलं होतं, की जिथे शाळा असेल तिथे शिक्षण सक्तीचं. म्हणून जमीनदार कोस्ताकेने गावात शाळाच होऊ दिली नाही. पोरं त्याच्या मक्यात खुरपत राहिली. पण या पठ्ठ्याला शाळा काढल्याबद्दलचं सरकारी पदकही हवं होतं! तपासणीला साहेब येणार म्हटल्यावर त्याने एका दिवसापुरते घोडे बाहेर काढले आणि तबेल्यावर शाळेची पाटी ठोकली.

पारास्किवा धोबिणीने कुणी न सांगता तबेला सारवला, पोरांना न्हाऊमाखू घालून आणून बसवलं. कोस्ताकेच्या मनात पाल चुकचुकली. हिची तिन्ही पोरं माझ्या मक्यात राबतात, मग हिला एवढा उत्साह कसला? पण साहेबांनी 'शाळा आहे' असा शेरा लिहिला, मास्तर नेमला आणि कोस्ताकेच्या छातीवर पदक लावलं, तेव्हा तो संशय विसरला.

दुसऱ्या दिवशी घोडे घेऊन येतो, तर पोरं आत पाढे म्हणतायत!

"मक्यात चला!" तो गरजला.

"कसं जमेल, हुजूर?" दारातून पारास्किवा म्हणाली. "शाळा आहे तिथे शिक्षण सक्तीचं."

"ही शाळा नाही, तबेला आहे!"

"असं होय? मग साहेबांना कळवते, हुजुरांना पदक तबेल्याबद्दल मिळालंय म्हणून."

कोस्ताकेने पदकावर हात ठेवला आणि घोडे मागे फिरवले.