पाटीखालचा पूल

पूल वाहून गेला! मोलिनार गावाचा एकुलता एक लाकडी पूल मार्चच्या पुराने उचलला आणि नेला, आणि रेमेदियोसबाईचे वडील पलीकडच्या काठावर एकटे राहिले.

म्हातारा सिप्रियानो ब्याऐंशी वर्षांचा. गुडघे गेलेले, हट्ट मात्र शाबूत. घर सोडून अलीकडे यायला तयार नाही! रेमेदियोस मेंढ्यांच्या दुधाचं चीज करायची आणि रोज दुपारी बापाला चण्याचं सूप न्यायची. पूल होता तेव्हा पाच मिनिटांची वाट. आता डोंगराला वळसा घालून अडीच तास! सूप गारढोण व्हायचं आणि म्हातारा ते मुकाट्याने गिळायचा. एरवी मीठ कमी पडलं तरी घर डोक्यावर घेणारा माणूस! त्याचं गप्प राहणंच तिला सोसवेना.

हा व्हालदेर्ना प्रांत स्पेनमधला. नकाशात शोधू नका, उगाच चष्मा पुसत बसाल. प्रांत स्वायत्त बरं का! स्वतःचा झेंडा, स्वतःचा अध्यक्ष, स्वतःचे नऊ मंत्री. आता स्वायत्त म्हणजे काय? कौतुक झालं की आमचं, बोंब झाली की माद्रिदची!

रेमेदियोस प्रांताच्या राजधानीत गेली. रस्तेमंत्री म्हणाले, "बाई, पूल पाण्यावर होता ना? मग पाणीखातं."

पाणीमंत्री म्हणाले, "पूल लाकडाचा ना? मग वनखातं."

वनमंत्री म्हणाले, "त्यावरून मेंढ्या जायच्या ना? मग शेतीखातं."

शेतीमंत्री जेवायला गेले होते, आणि तिकडे मंत्री जेवायला गेला की पाचच्या आत परतत नाही. आले, ढेकर दिली आणि म्हणाले, "छे छे! हे तर माद्रिदच्या अखत्यारीत!"

मंगळवारी मंत्रिमंडळाची बैठक असते. रेमेदियोस त्या दारातच ठाण मांडून बसली. अध्यक्ष बाल्तासार बाहेर आले, मागे नऊ मंत्री.

"एका म्हाताऱ्यासाठी पूल?" अध्यक्ष म्हणाले. "त्यापेक्षा पलीकडचा काठच रिकामा करू! म्हातारा वृद्धाश्रमात, प्रश्न निकालात. हुकूम तयार आहे, सही तेवढी राहिलीय."

"अध्यक्षमहाराज, त्या घरात माझी आई गेली," रेमेदियोस म्हणाली. "तिथून हलवलंत तर बाबा आठवडाभर काढायचे नाहीत."

"मग कामाला मालक दाखवा! माझ्या नऊच्या नऊ मंत्र्यांकडून लेखी आणा, की 'मोलिनारचा पूल आमच्याच खात्याचा.' पुढच्या मंगळवारपर्यंत मुदत. आणलंत तर तिथल्या तिथे पुलावर सही. नाही आणलंत तर त्या हुकमावर!"

मंत्री पोट धरून हसले. हसतील नाही तर काय? सत्तेच्या सोळा वर्षांत त्यांच्यापैकी कुणी साधं गटारसुद्धा लेखी आपलं म्हटलं नव्हतं!

रेमेदियोस घरी आली. येताना वाटेत तिने एक पाणपोई पाहिली. नळ बोटाएवढा आणि त्यावरची उद्घाटनाची दगडी पाटी दाराएवढी! त्या प्रांतात रीतच तशी. काही म्हणून उभं राहिलं की पाटी हवी आणि पाटीवर मंत्र्याचं नाव हवं. बाई तिथेच थबकली आणि मग झपाझप चालू लागली.

तिचा दीर दगड घडवणारा. त्याला म्हणाली, "भाऊजी, एक मोठी पाटी घ्या करायला. नावाची जागा कोरी ठेवा."

"पण वहिनी, पूल कुठंय?"

"तुम्ही विचारलंत. ते विचारायचे नाहीत!"

आणि तिने नऊ पत्रं धाडली, एकसारखी: 'मोलिनारच्या पुलाची पाटी कोरायला घेतली आहे. पूल ज्या खात्याचा, त्या मंत्र्याचं नाव पाटीवर येईल. कृपया सहीशिक्क्यानिशी कळवावे.'

ज्या कचेऱ्यांतून साधी पोच यायला वर्ष लागायचं, तिथून तीन दिवसांत नऊ उत्तरं! पाणीखात्याचा पूल, कारण खाली नदी. शिक्षणखात्याचा, कारण मुलं त्यावरून शाळेत जातात. आरोग्यमंत्र्यांनी तर कळवलं की चालणं प्रकृतीला उत्तम, सबब पूल आरोग्याचाच! आणि नाव जरा मोठ्या अक्षरांत कोरावं.

मंगळवारी रेमेदियोसने नऊ पत्रं अध्यक्षांपुढे ठेवली. अध्यक्ष वाचता वाचता खुर्चीत ताठ झाले.

"पूल माझा!" रस्तेमंत्री ओरडले.

"तुमचा कसला? माझा!" वनमंत्र्यांनी टेबलावर मूठ आपटली.

"अरे, थांबा!" अध्यक्ष गरजले. "पण पूल आहे कुठे?"



"अध्यक्षमहाराज," रेमेदियोस म्हणाली, "पाटी तयार आहे. मालक मागितलात, नऊच्या नऊ आणले. आता पाटीखाली तेवढा पूल घाला!"

शेतीमंत्री चाचरत उठले. "मी... मी पत्र मागे घेतो. तसं पाहिलं तर हे माद्रिदच्या..."

"घ्या की खुशाल! मग पाटीवर माद्रिदच्या मंत्र्याचं नाव कोरायला सांगते."

"नाही!!" नऊच्या नऊ मंत्री एका सुरात ओरडले. त्या मंत्रिमंडळाचं इतकं झकास एकमत आजवर कधी झालं नव्हतं!

अध्यक्ष बाल्तासार आधी गालात हसले, मग खो खो हसले, मग डोळे पुसत हसले. हसता हसताच त्यांनी पुलावर सही केली आणि काठ रिकामा करायचा हुकूम टराटरा फाडला.

"बाई, जिंकलात! पाटीवर सगळ्यांच्या वर तुमचं नाव घालू?"

"नको हो. दगडाला जागा नाही उरली. माझं सूप तेवढं गरम पोचू द्या."

सप्टेंबरात पूल उभा राहिला. उद्घाटनाला नऊ मंत्री आले, नऊ कात्र्या आल्या. रेमेदियोस त्यांच्या फितीखालून वाकून, हातात भांडं घेऊन तरातरा पलीकडे गेली. पाचच मिनिटांत म्हाताऱ्याची आरोळी या काठापर्यंत ऐकू आली:

"अगं कार्टे, जीभ भाजली ना माझी! आणि मीठ कुठंय यात?"