पाडायची भिंत

"मग ही माणसं येत का नाहीत, अज्जा?"

भूपाल चौगुले मठाच्या पायरीवर बसला, उठला, फोन बघून पुन्हा बसला.

निजगुणस्वामींना सगळं गाव अज्जा म्हणतं. ते पुराचा गाळ बसलेली समई राखेनं घासत होते. त्यांनी मान वर केली नाही.

कृष्णेचं पाणी उतरलं होतं, पण गावातली निम्मी घरं आडवी झाली होती. ती गावच्याच माणसांनी बांधावीत म्हणून सरकारनं गावात प्रशिक्षण केंद्र काढून भूपालला गवंडीकाम शिकवायला पाठवलं होतं. शिकतानाही रोजगार, आणि शिकून झालं की हातात घरबांधणीचं काम. तरी आठवडा उलटायच्या आत केंद्राची शेड ओस पडली.

सोमवारी तपासणीला साहेब येणार होते. माणसं दिसली नाहीत तर केंद्र नदीपलीकडे जाणार होतं. मग घरं बाहेरच्या ठेकेदाराची माणसं बांधणार, आणि गावची माणसं बोचकी बांधून पुण्याची वाट धरणार.

"आळशी झालीत," भूपाल म्हणाला. "फुकटचं धान्य मिळतंय ना..."

समईवरचा हात थांबला.

"तू शिकवतोस कसं?"

एवढं विचारायचा अवकाश, भूपाल खुलला. सूत कसं ताणायचं, ओळंबा कसा सोडायचा, सगळं सांगत सुटला. दिवसभरात एक भिंत उभी करायची. चुन्यासिमेंटात नाही, नुसत्या चिखलात. आणि संध्याकाळी ती पाडायची. विटा सुट्या होतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच वापरता येतात. तो स्वतः असाच शिकला होता, आणि त्याच्या हातची एकही भिंत आजवर तसूभरही हलली नव्हती.

"बरं," अज्जा म्हणाले. "मला शिकव."

दुसऱ्या दिवशी सकाळी धोतर खोचून अज्जा शेडमध्ये हजर झाले. स्वामी विटा रचतायत म्हटल्यावर अर्धं गाव बघायला लोटलं. साधं नवल होतं का ते.

शिष्य म्हणून अज्जा अगदीच ढ निघाले. पहिलाच थर वाकडा गेला. भूपाल त्यांच्यावर दोनदा खेकसला, आणि मग आपण कुणावर खेकसलो हे कळून त्याचे कान लाल झाले. अज्जांनी मात्र मुकाट्यानं वीट काढून पुन्हा लावली.

गर्दीत गंगव्वा होती. ती सुरुवातीला शिकायला येत होती आणि मग एक शब्द न बोलता यायची बंद झाली होती. अज्जांची धडपड तिला बघवेना. ती पुढं झाली आणि विटा भिजवायला लागली. तिच्यामागून मल्लाप्पा चिखल तुडवायला उतरला. दुपारपर्यंत शेड भरली.

भूपालला सोमवार दिसायला लागला. तो नुसता इकडून तिकडे पळत होता.

भिंत छातीइतकी झाली. दिवस उसाच्या फडामागं गेला तसा भूपालनं घण उचलला.

"चला, पाडू या."

कुणी जागचं हललं नाही.

त्याला वाटलं, ऐकू गेलं नसेल. त्यानं घण गंगव्वापुढं धरला. तिनं दोन्ही हात पाठीमागं घेतले.

"मला नको, सर. आमची मागची भिंत पडताना मी शाळेच्या गच्चीवरनं बघितलीया. आता रोज सांजंला भिंत पडताना बघायची ताकद न्हाई माझ्यात."

"अहो, ही सरावाची आहे," भूपाल चिडून म्हणाला. "वाकडी आहे. ठेवून करायचंय काय हिचं?"

अज्जा उठले. भिंतीपाशी गेले आणि तिला पाठ लावून मांडी घालून बसले.

"अज्जा, उठा. माती ओली आहे. कलंडेल."

"कलंडली तर?"

"तर लागेल तुम्हाला."

"मग धर की," अज्जा म्हणाले, आणि त्यांनी डोळे मिटले.

भिंत खरंच कलत होती. भूपालनं घण टाकला आणि धावत जाऊन तिला खांदा दिला. जीव घाबरा झाला होता त्याचा. बांबू आणा म्हणून तो ओरडला. तिरपा लावा, खाली दगड द्या, वर फळी घाला, हळू... हळू. मल्लाप्पानं बांबू लावला. गंगव्वानं पाचर ठोकली. भूपालनं ओळंबा सोडून पाहिला आणि दुसरा बांबू मागितला.

भिंत थांबली.

भूपाल घाम पुसत होता.

"सर," गंगव्वा म्हणाली, "आमची पुढची भिंत अजून उभी हाय. अशीच कललीया. भ्या वाटतंय म्हणून पोरास्नी घेऊन मठात निजतोय आम्ही. तिला असा टेकू देता येतोय का?"

"ते अभ्यासक्रमात..." भूपाल बोलता बोलता थांबला.

मल्लाप्पानंही आपल्या गोठ्याचं काढलं. मग आणखी कुणीतरी. कललेल्या भिंती गावात घरोघर होत्या. त्यांच्याकडे भूपालनं येता-जाता पाहिलं होतं, आणि त्या पाडायच्या म्हणूनच पाहिलं होतं.

त्यानं घण शेडच्या कोपऱ्यात नेऊन ठेवला. सकाळी आधी तुझ्याकडे येतो, भिंत बघतो, तोवर आत कुणी जायचं नाही, असं त्यानं गंगव्वाला बजावलं. माणसं पांगली.

मग तो अज्जांसमोर उकिडवा बसला. पण स्वस्थ कसला बसतोय.

"अज्जा, सोमवारी साहेब येतील तेव्हा शेडमध्ये कुणीच नसेल. सगळी गंगव्वाच्या घरी असतील. केंद्र उचललं तर?... मी साहेबांना दाखवू काय?"

अज्जांनी डोळे उघडले.

"गंगव्वाच्या भिंतीला पाठ लावून बसायला सांग त्यांना."