काहिलीवरचा फेस

एक होता रंगराव गुळव्या आणि एक होती त्याची बायको अक्काताई. पन्हाळ्याच्या पायथ्याला दोघांचं गुऱ्हाळ होतं, अन् घरात लग्नाला आलेली लेक होती. एकदा शहरातले हिंमतशेठ मोटारीतून आले. "गुऱ्हाळ विका अन् माझ्या एआय कंपनीचे शेअर घ्या. आता यंत्रच डोकं चालवणार! भाव रोज चढतोय, उद्या हाताला लागायचा नाही."

झालं! रंगरावाचं चित्त थाऱ्यावर राहीना. जेवता जेवता उठायचा, मोबाइलवर भाव बघायचा. "आपण मागं राहिलो गं," म्हणायचा.

शेठ विक्रीच्या कागदावर सह्या घ्यायला आले, तेव्हा भट्टीवरच्या मोठ्या काहिलीतला उसाचा रस उकळून काठाला टेकला होता. अक्काताई म्हणाली, "शेठ, आधी आमचा गूळ घ्या. काहील काठोकाठ भरलीय, भरल्या काहिलीचे पैसे द्या."

शेठ हसले. "मला येड्यात काढता व्हय वहिनी? नुसता फेस हाय त्यो. खाली बसू दे, मग कळंल गूळ किती."

"मग तुमच्या कंपनीचाबी फेस बसू दे की! खाली गूळ उरला, तर आम्हीच घ्यायला येऊ."

रंगरावानं सही न करताच कागद परत दिला. वर्षाच्या आत शेठच्या शेअरचा भाव पार तळाला गेला. इकडं रंगरावाला सुखाची झोप लागली, अन् तुळशीचं लग्न झाल्याबरोबर गुऱ्हाळाच्याच कमाईवर त्याच्या दारी लेकीच्या लग्नाचा मांडव उभा राहिला.