सभा गप्प आहे

"मग मी काहून जावं, भन्तेजी? एक कारन सांगा ना जी."

भन्ते शीलरत्न विहाराच्या ओट्यावर बसून चीवराची उसवलेली कड शिवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

विचारणारा धनपाल मेश्राम. आमच्या गावचा पेंटर. दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंती, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, सगळं त्याच्याच हातचं. दुसऱ्या दिवशी मतदान होतं आणि या माणसाचा पाय काही एका जागी ठरत नव्हता. तीनदा ओट्यावर चढला, तीनदा उतरला. मी अंगण झाडत होतो. गोळा केलेला पाचोळा त्याने दोनदा विस्कटला, आणि त्याच्या ते लक्षातही आलं नाही.

"बसा," भन्ते म्हणाले.

तो बसला. लगेच उठला.

"तीस वर्षं भिंती रंगवल्या मी त्या पुढाऱ्यासाठी. सोताचा रंग, सोताचा ब्रश. बायको म्हने, घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजता. भाजल्या जी! आन त्यानं काय केलं? तीन पक्ष बदलले. एकाच नावाखाली मी तीन चिन्हं काढली. तिसऱ्या खेपेला त्या भिंतीलेच लाज वाटली असंल."

"मग मत दुसऱ्याला द्या."

"दुसरा त्याचाच भाचा आहे."

"कोणीच नको, असंही एक बटण असतं म्हणतात."

"मागच्या वेळी तेच दाबलं. कोनी आलं का इचाराले, की पेंटर, तुम्ही काहून रागावले म्हनून?"

भन्तेंनी दोरा ओढून गाठ मारली.

"मग जाऊ नका."

पेंटर थबकला. तो भांडायला आला होता, आणि समोरच्याने भांडणच हातातून काढून घेतलं.

"मग त्रास कसला होतोय?" भन्तेंनी विचारलं.

"पोरगी..." त्याचा आवाज उतरला. "तक्षशीला. अठराची झाली. पहिलं मत आहे तिचं. सकाळी चहा देता देता म्हने, बाबा, मी कोनाले देऊ?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"काही नाही. गप्प राहिलो."

"त्या गप्प राहण्याचा तिने काय अर्थ धरला?"

"मले काय माहीत? कप उचलला आन आत गेली."

...

"आता ठरलं, भन्तेजी. कोनाच्या बाजूनं नाही, कोनाच्या इरोधात नाही. तोंडच उघडाचं नाही. माहं गप्प राहनं हाच माहा नकार."

"पक्कं?"

"पक्कं."

"बरं," भन्ते म्हणाले. त्यांनी सुई डबीत ठेवली आणि ते आत गेले, कारण सभेची वेळ झाली होती.

सभा किल्लीची होती. विहाराची आणि शेजारच्या अभ्यासिकेची किल्ली इतकी वर्षं गजभिये काकांकडे असायची. काका आता मुलाकडे पुण्याला चालले होते. अभ्यासिका म्हणजे चार टेबलं आणि दोन ट्यूबलाइट, पण आमच्या वस्तीतली पोरं परीक्षा द्यायला शिकली ती तिथेच. तक्षशीलाही रोज तिथेच बसायची. घरात रंगाचे डबे, जागा कुठे?

किल्ली मागायला एकच माणूस पुढे आला होता. झनक रामटेके, सिमेंटवाला. काका आजारी असताना दोन महिने किल्ली त्याच्याकडे होती. त्या दोन महिन्यांत अभ्यासिकेत सिमेंटची पोती रचली गेली आणि पोरं पायऱ्यांवर बसून वाचत होती. हे गावाला माहीत होतं. भन्तेंनाही माहीत होतं.

आमच्या विहारात हात वर करायची पद्धत नाही. भन्ते भिक्खुसंघाची जुनी रीत चालवतात. प्रस्ताव तीनदा मांडायचा. ज्याला मान्य असेल त्याने गप्प राहायचं. ज्याला मान्य नसेल त्याने बोलायचं. एकाने जरी तोंड उघडलं तरी प्रस्ताव तिथेच थांबतो. शेंबड्या पोरालाही हे पाठ आहे.

आम्ही पंधरा-सोळा जण बसलो. पेंटर खिडकीशी बसला.

"उपासक-उपासिकांनी ऐकावं," भन्ते म्हणाले. "पुढची तीन वर्षं विहाराची आणि अभ्यासिकेची किल्ली झनक रामटेके यांच्याकडे राहावी. ज्यांना मान्य आहे त्यांनी गप्प राहावं. ज्यांना मान्य नाही त्यांनी बोलावं."

...

गजभिये काका चटईची काडी सोलत बसले. बायका एकमेकींकडे बघू लागल्या आणि मग सगळ्यांच्या माना हळूहळू पेंटरकडे वळल्या. गावात काहीही वाकडं झालं की पहिला तोच ओरडतो, ही सवय आम्हाला लागलेली.

पेंटर खिडकीबाहेर पाहत होता.

"दुसऱ्यांदा मांडतो," भन्ते म्हणाले, आणि तेच शब्द तसेच्या तसे बोलले.

...

पेंटरचा पाय हलत होता. एकदा तो उठायला म्हणून पुढे झुकला. मला वाटलं, आता बोलणार. पण आत्ताच तर भन्तेंना पक्कं म्हणून बसला होता. माणूस शब्दाचा पक्का, आणि त्याहून पक्का अहंकाराचा.

आणि मी? खोटं कशाला बोलू? मीही मिठाची गुळणी धरून बसलो होतो. माझ्या घराचा स्लॅब त्याच महिन्यात पडायचा होता, आणि गावात सिमेंटचं दुकान एकच.

"तिसऱ्यांदा मांडतो."

या वेळी भन्ते फार वेळ थांबले. कुठेतरी पंख्याची पाती कुरकुरत होती. पेंटरने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

...

"सभेला मान्य आहे, म्हणून सभा गप्प आहे. असं मी धरतो."

काकांनी किल्ली दिली. रामटेकेने वाकून घेतली. जाता जाता त्याने अभ्यासिकेच्या दाराची रुंदी वितीने मापली.

माणसं भराभर चपला घालून निघाली. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. मी खराटा घेतला, पण हात चालेना. लाज वाटत होती.

पेंटर ओट्यावर आला. तोंड लालबुंद.

"हे काय झालं, भन्तेजी?"

"सभा झाली."

"मले मान्य नव्हतं!"

"तसं कोणी बोललं नाही."

"पन माह्या मनात होतं ना! मी रागानं गप्प होतो!"

"रामटेकेही गप्प होते. ते आनंदाने." भन्ते खाली बसले. "मला दोन्ही सारखंच ऐकू आलं."

पेंटर ओट्यावरून उतरला. पुन्हा चढला. मग एकदम फुटला.

"माही पोरगी कुठं बसंल आता? सांगा ना! कुठं बसंल?"

भन्तेंनी चीवर मांडीवर घेतलं आणि सुईत दोरा ओवू लागले. दोरा जाईना.

"आन तुम्ही?" पेंटर म्हणाला. डोळ्यांत पाणी होतं आणि ते त्याने पुसलंही नाही. "तुमाले तर सगळं ठाऊक होतं. मी नाही बोललो, मी मूर्ख. तुम्ही काहून नाही थांबवलं?"

भन्तेंनी सुई खाली ठेवली. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं.

"मी निर्धास्त होतो," ते म्हणाले. "म्हटलं, पेंटर बसले आहेत ना."