गोंदाचा ड्युअल कोर

भोळी माणसं गावोगाव असतात, पण बोरखेडीच्या गोंदाची सर कुणाला नाही. सांगितलं तेवढंच करायचा, सांगितलं तस्संच करायचा. फक्त जिथं करायचं तिथं करायचा नाही.

तर या गोंदाचं लग्न जमलं. मुलगी शेजारच्या हिवऱ्याची, मंजुळा. भारी चुणचुणीत. लोकांचे फॉर्म कॉम्प्युटरवर भरून द्यायची. तिनं एकच अट घातली. "लग्नाला येताना ड्युअल कोर कॉम्प्युटर आणा. आणि ड्युअल कोर म्हणजे काय, ते मला नीट सांगा. नाही जमलं तर लग्न मोडलं!"

गोंदाची आई गिरजाबाई धसकलीच. या ध्यानाला दुसरी मुलगी कोण देणार? तिनं त्याला लगोलग तालुक्याला, कुलथेशेठच्या दुकानात पिटाळलं.

शेठनं दोन डबे दाखवले. "हा एका कोरचा. एकच डोकं, पण पळतं जोरात. हा दोन कोरचा. डोकी जरा सावकाश, पण दोन आहेत. काम वाटून घेतात, म्हणून लवकर उरकतं."

"काम वाटून घ्यायचं," गोंदा म्हणाला. तेच घोकत घरी आला. डबा दुकानातच राहिला.

आई म्हणाली, "आलास? जा, आधी दाढी करून ये. नवरदेव आहेस."

गोंदानं पारावरचा न्हावी बोलावला, स्टँडवरचाही बोलावला. डावा गाल एकाला, उजवा दुसऱ्याला. पारावरचा जुन्या वळणाचा, त्यानं मिशी राखली. स्टँडवरचा नव्या फॅशनचा, त्यानं उडवली. गोंदा घरी आला तो अर्ध्या मिशीचा!

"अरे मेल्या, हे काय?" आईनं कपाळाला हात लावला.

गोंदा तडक शेठकडे गेला. "काम वाटलं, शेठ. मिशी गेली."

शेठनं हसू दाबलं. "अरे, ती दोन डोकी एकमेकांना विचारून काम करतात. विचारल्याशिवाय हात लावत नाहीत."

"विचारल्याशिवाय हात लावायचा नाही." घोकत घोकत गोंदा घरी.

आईनं चुलीवर दूध ठेवलं होतं. बासुंदीचं दूध, चांगलं हंडाभर. "मी पाणी घेऊन येते. दूध वर आलं की उतरव हो," म्हणाली नि गेली.

दूध वर आलं. गोंदा उठला आणि धूम पळाला. कुठं? त्याचा चुलतभाऊ बारकू स्टँडवर मोबाईल दुरुस्त करायचा, त्याच्याकडे. "बारकू, दूध वर आलंय. उतरवू का?"

"अरे उतरव की गाढवा! विचारतोस काय?"

गोंदा परत आला तेव्हा विचारून झालं होतं, पण दूध चुलीत गेलं होतं. आईनं लाटणंच उचललं. गोंदा जो पळाला तो थेट दुकानात.

"विचारलं, शेठ. दूध गेलं."

"अरे बाबा, प्रत्येक काम वाटता येत नाही! जे काम एकट्याचं, ते एकट्यानंच करायचं. तेव्हा दुसरं डोकं नुसतं बसून राहतं."

"एकट्यानं करायचं, दुसऱ्यानं नुसतं बसायचं." घोकत आला तर दारात मांडव उभा राहत होता. मधल्या खांबाला चार गडी लटकलेले. खाली खुर्चीवर मंजुळेचे वडील आबा, तयारी बघायला आलेले.

"सोडा रे! नुसते बसा!" गोंदा ओरडला. नवरदेवाचा शब्द. गडी बसले.

मांडवही बसला. आबांवर.

कापडाखालून आबा बाहेर आले, टोपी शोधली आणि म्हणाले, "गिरजाबाई, मंजुळेची अट आहे म्हणून थांबलोय. उद्या त्यात चुकला, तर वऱ्हाड आल्या पावली परत!" गिरजाबाई रडायलाच लागली. तिनं बारकूला सोबत दिलं आणि गोंदाला पुन्हा दुकानात धाडलं.

"एकट्यानं केलं, शेठ. मांडव पडला."

आता मात्र शेठ वैतागला. "अरे, मोठं काम एका डोक्याला झेपतं होय? दुसरं बरोबर घ्यावं! दोन्ही सारखी, शेजारी शेजारी, एकाच झाकणाखाली. कळलं? आणि आता तो डबा तेवढा ने बाबा!"

"डबा राहू द्या. मला डोकीच पाहिजेत," म्हणून गोंदा निघाला. बारकूनं गपचूप डबा उचलून टेम्पोत ठेवला.

लग्नाचा दिवस उजाडला. मंगलाष्टका झाल्या, अंतरपाट सरला. मंजुळा हार घेऊन बघते तर पाटावर दोन नवरदेव! सारखे फेटे, सारख्या मुंडावळ्या, वर एकच छत्री. एक गोंदा, एक बारकू. नवे कपडे मिळतात म्हटल्यावर बारकू कशाला नाही म्हणतोय?

"हे काय?" मंजुळा म्हणाली.

"ड्युअल कोर!" गोंदा छाती काढून म्हणाला. "दोन डोकी, एक झाकण. काम वाटून घेतात. एकमेकांना विचारून करतात. आणि एकट्याचं काम आलं, की दुसरं नुसतं बसतं."

मंजुळा चाटच पडली. "अगं बाई, अगदी बरोबर! आणि कॉम्प्युटर?"

गोंदा बारकूकडे बघायला लागला. बारकू म्हणाला, "मी आणलाय. टेम्पोत आहे. कालच चालू करून बघितला."

मंजुळेनं बारकूकडे नीट बघितलं. गोंदाच्या अर्ध्या मिशीकडेही बघितलं. मग गोडपणे विचारलं, "पण हार एकच आहे हो. हे काम वाटता येईल का?"

"छे! हे एकट्याचं काम," गोंदा म्हणाला. "बारकू, तू उभा राहा. मी बसतो. इतके दिवस मीच राबलोय."

आणि बसला.

मंजुळेनं आबांकडे बघितलं. आबांनी डोक्यावरचं टेंगूळ चाचपलं आणि जोरजोरात मान डोलावली. हार बारकूच्या गळ्यात पडला, वाजंत्री वाजली, अक्षता उडाल्या.

गिरजाबाई धाय मोकलून रडत होती. गोंदा मात्र पंगतीत जिलबी खात एकेकाला सांगत होता, "लग्न माझं, पण मला काडीचं काम पडलं नाही! घ्या तुम्ही पण, ड्युअल कोरच घ्या."