फोडल्यानंतरची भेट

सन २०१७, वैशाख. अक्षय्य तृतीया नुकतीच झाली होती.

“म्हणजे माझी रेघ खोटी?” निनाद धारवाडकर विचारत होता.

प्रयोगशाळेचे प्रमुख देवस्थळी सर डोळे मिटून बसले होते.

पुण्याजवळच्या एका संशोधन संस्थेत हे घडलं. मी तिथली थंड खोली सांभाळत असे. पेशीतली कोणती प्रथिनं एकमेकांना धरून काम करतात, याचा नकाशा तिथं काढत. दोघं एकमेकांना धरतात असं दिसलं, की त्यांच्यामध्ये एक रेघ.

निनादची रीत जुनी. एका प्रथिनाला आमिष करायचं. पेशी फोडायच्या. तो रस बारीक मण्यांवर सोडायचा. आमिष मण्यांना चिकटतं, आणि त्याला धरून असलेलं प्रथिन त्याच्याबरोबर ओढून येतं.

मिरजेची शमीम मुजावर त्याला वरिष्ठ. तिची रीत वेगळी. पेशी जिवंत असतानाच ती आमिषाला शिक्का मारायला लावायची. जे जवळ येईल त्याच्यावर शिक्का. पेशी फोडायची ती नंतर.

निनादच्या नकाशात एक मोठी रेघ आली. शमीमच्या नकाशात ती नव्हती.

सोमवारच्या बैठकीत निनाद सगळ्यांसमोर म्हणाला, “शमीमताईंच्या नकाशाला मोतीबिंदू झालाय.”

सगळे हसले. एवढी शिकलेली माणसं, पण एकालाही लाज वाटली नाही. सरांनी शमीमचा प्रबंध थांबवला. तिची शिष्यवृत्ती महिनाअखेर संपत होती. त्याआधी प्रबंध गेला नाही, तर तिला हातचं काम टाकून मिरजेला परतावं लागणार होतं.

आज सकाळी ती सरांकडे येऊन गेली होती. म्हणून निनादला बोलावणं.

“खोटी असेल तर दाखवा, सर. दर वेळी येते ती. आमिषाशिवाय नुसते मणीसुद्धा वापरून पाहिले. त्यांना काही चिकटलं नाही.”

“माहीत आहे.”

“मग?”

“एक प्रथिन केंद्रकात राहतं. दुसरं तंतुकणिकेत. मध्ये भिंती आहेत. भेटतात कुठं?”

“भेटत असतील. पुरावा समोर आहे.” त्याचा आवाज चढला. “शमीमताई इथं येऊन रडल्या, म्हणून माझं काम खोटं?”

“ती रडली नाही,” सर म्हणाले. “रडली असती तर मला बरं वाटलं असतं.”

...

टेबलावर निनादचा जेवणाचा डबा होता. सरांनी तो ओढला. एका पुडात आमरस, एकात कारल्याची भाजी, एकात भात. त्यांनी सगळं मोठ्या पुडात ओतलं, झाकण लावलं आणि चांगलं हलवलं.

“सर, अहो... आईनं पहाटे उठून केलंय ते.”

सरांनी झाकण काढून पूड त्याच्यापुढं ठेवलं. “काय दिसतं?”

“काय दिसणार. कारल्याला आमरस.”

“चिकटलाय?”

“चिकटलाय.”

“उद्याही असंच केलं तर?”

“उद्याही चिकटेल.”

“मग लिही. निनादची आई कारल्यात आमरस घालते.”

“तिनं वेगळं दिलं होतं. कालवलंत तुम्ही.”



निनादचे कान लाल झाले. “पेशी म्हणजे डबा नव्हे, सर. हा पोरखेळ झाला.”

“मग पेशीलाच विचार. एका कुपीतल्या पेशींत तुझ्या आमिषाला ओळखायची खूण आहे. दुसऱ्या कुपीतल्या पेशींत त्या दुसऱ्या प्रथिनाला खूण आहे. दोन्ही तुझ्याकडे तयार आहेत. वेगवेगळ्या फोड. मग रस मिसळ आणि मणी सोड. आमिषाबरोबर दुसऱ्याची खूण येते का बघ.”

“नाही येणार.”

“बघ.”

तो दार आपटून गेला. डबा तिथंच राहिला. सरांनी माझ्याकडून चमचा मागवला आणि ते सगळं खाल्लं. तोंड वाकडं झालं, पण टाकलं नाही.

दुसऱ्या दिवशी निनाद आला तो दारातच थांबला.

“खूण आली?” सरांनी विचारलं.

“आली.”

...

“ती दोघं एका पेशीत कधीच नव्हती, सर. कुपीच वेगळी होती.”

“हो.”

“तरी चिकटली.”

“चिकटणारच. चिकटतात, हे तुझं खरं आहे.”

 निनाद म्हणाला, “पण मी भेटतात म्हणून रेघ ओढली.”

तो जायला वळला.

“ताईंना सांगतो. आत्ताच जातो त्यांच्या टेबलाशी.”

“लोकांना टेबलाशी हसवलं होतंस?”

“...नाही.”

“मग?”

“सोमवारी बाहेरचे लोक असतात, सर. माझं नाव...”

“तिला नाव नव्हतं?”

निनाद परत आत आला.

“तिचं देणं लागतोस. घेतलंस तिथं दे. आणि तुझ्याआधी मी उठेन. प्रबंध मी थांबवला होता.”

सोमवारी खोली भरली होती. शमीम शेवटच्या रांगेत बसली होती.

सर उठले. “शमीमचा प्रबंध मी न तपासता थांबवला. चूक माझी आहे.” त्यांनी तिथंच उभ्यानं सही केली आणि प्रबंध मागं शमीमकडे पाठवला.

मग निनाद उठला. त्यानं हात खिशात घातले. मग बाहेर काढले.

“ती रेघ पेशीतली नाही. पेशी फोडल्यावर माझ्या नळीत झालेली आहे. शमीमताईंचा नकाशा बरोबर होता. मी त्यांची थट्टा केली. माफी मागतो.”

या वेळी कोणी हसलं नाही.

“बरं,” शमीम म्हणाली. तिनं प्रबंध पिशवीत ठेवला.

निनाद उभाच राहिला. कोणीतरी काही चांगलं बोलेल, असं त्याला वाटत असावं...

“फिटलं,” सर म्हणाले. “बैस.”